आवळलेला प्लग

केंटकीत हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होण्याच्या आदल्या दुपारी बाबा स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठासणीची बंदूक साफ करत बसले होते. नळीचं मागचं तोंड बंद करणारा पेचाचा प्लग ते दर वर्षी इतका आवळायचे, की तो उघडायला मला पान्याच्या दांड्यावर लोखंडी पाइप चढवून लोंबकळावं लागायचं.

"बाबा, बोटांनी आवळला तरी पुरतो हो."

"तुझ्या बोटांना पुरत असेल, लोरीन. थंडी वाढणारे, दारू पेटवायला ते जोरकस प्रायमर दे इकडे. गेल्या वर्षी बार फुसका गेला, तेव्हा हरीणसुद्धा थांबून बघत होतं!"

मग माझ्याकडे पाठ करून ते बराच वेळ, धापा टाकत, प्लग आवळत राहिले. "झालं. आता उघडून दाखव!"

दुसऱ्या दिवशी टेकडीवर हरणाची वाट बघता बघता, बसल्या जागीच ते गेले. बार उडालाच नव्हता.

त्यांना मूठमाती देऊन आल्यावर, बंदुकीत भरलेली दारू काढायला मी पाना आणि पाइप घेऊन बसले.

प्लग नुसत्या दोन बोटांनी फिरला.



टेबलापलीकडे बघत मी मोठ्याने म्हणाले, "द्या इकडे, बाबा. मी आवळते."