पिलारबाईंचं उत्तर

मल्हारनं हातातला चहाचा गिलास बलभीमच्या पायाशी आपटला. काचा उडाल्या. बाजाराला आलेली चार माणसं बाकड्यावरून उठून उभी राहिली.

“पुन्यांदा म्हन,” मल्हार म्हणाला.

बलभीम पायावरचा चहा झटकत मागं सरला. “म्या न्हाय म्हनत गा. लोक म्हनत्यात. तुज्या पोरीला तिकडनं हाकलून दिली म्हनून.”

समोर कळंबच्या स्टँडवर मल्हारच्या पोरीचा, अक्षदाचा डिजिटल फलक अजून लटकत होता. स्पेनमधल्या शाळेत इंग्रजीची सहायक शिक्षिका म्हणून निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. खाली पंधरा जणांचे फोटो. मेंढरामागं फिरणाऱ्या घरातली पोर विमानात बसली, म्हणून त्या पंधराही जणांनी मल्हारला हार घातला होता. आता त्यातलाच एक जण पाठीमागं हसत होता.

अक्षदा ऑक्टोबरात गेली होती. काम काय असतं ते तिनं बापाला फोनवर समजावून सांगितलं होतं. शिकवायचं ते तिथल्या बाईंनी. अक्षदानं शेजारी उभं राहून इंग्रजी शब्द म्हणायचे आणि पोरांनी तिच्यामागं म्हणायचे. पोरांना तिचं नाव घेता येईना. पोरं म्हणायची ‘आसादा’. तिकडच्या भाषेत त्याचा अर्थ भाजलेली. हे सांगताना ती सुरुवातीला खिदळायची.

दिवाळीत मात्र रडली. “आबा, दुपारी दोनला शाळा सुटती. मग दुसऱ्या दिवसापतोर माज्यासंगं कुनी एक शबुद बोलत न्हाय. येऊ का मी माघारी?”

“खुळी का काय?” मल्हार ओरडला होता. “हितं डिजिटल लागलाय. मे म्हयना भरल्याबिगर घराकडं तोंड करायचं न्हाय!”

त्यानंतर ती कधी रडली नाही. फोनवर विचारलं की “बरं हाय” एवढंच म्हणायची.

आणि जानेवारीत एके दिवशी ती बॅग घेऊन स्टँडवर उतरली. मल्हार धावत गेला. अक्षदानं त्याचे दोन्ही हात धरले, चाचपले, त्याच्या छातीवर डोकं टेकवलं आणि इतकी हमसून रडली की कंडक्टरसुद्धा थांबून बघत राहिला.

घरी अयोध्यानं लेकीपुढं भाकरी ठेवली. मल्हारनं तिला खाऊ दिलं नाही.

“मधीच का आलीस?”

“पिलारबाई म्हनल्या, घरी जा.” पिलारबाई म्हणजे तिकडच्या मुख्याध्यापिका.

“आपनहून म्हनल्या?”

“व्हय. तिकीटबी त्यांनीच काढून दिलं.”

“एवढी घाई झाल्ती त्यांना?”

अक्षदानं भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून बसली. बॅगेतनं वर्गातल्या पोरांनी सह्या केलेला एक मोठा कागद निघाला. काय लिहिलंय गं, असं अयोध्यानं विचारलं, तेव्हा तिनं तो घडी घालून पेटीच्या तळाशी टाकला.

तेव्हापासून मल्हारच्या डोक्यात निखारा होता. बलभीमनं त्यावर फुंकर घातली.

चहाच्या टपरीवरनं तो तडक शाळेत गेला. शिवकांता मॅडमनी अक्षदाला दहावीपर्यंत इंग्रजी शिकवलं होतं.

“मॅडम, असं मधीच काढता येतंय व्हय?”

“नाही, मल्हारभाऊ. तिचा करार मी वाचलाय. मेपर्यंत त्यांना काढता येत नाही, आणि तिलाही उगाच सोडता येत नाही.”

“मग काढलंच कसं? लिहा. त्या बाईला लिहा.”

मॅडम फोनवर लिहीत गेल्या, मल्हार उभ्यानं सांगत गेला. धनगराची पोर हाय म्हणून काय वाऱ्यावर पडली न्हाय. तुमच्या पोरांनी तिच्या नावाचा खेळ केला. तिला कुनी जवळ केलं न्हाय. वर तिकीट हातात देऊन हाकललं. शरम वाटंना का? मॅडमनी एकदोन शब्द सौम्य करायला बघितलं. “हाय तसंच ठिवा,” तो म्हणाला. खाली नाव घातलं : मल्हार, अक्षदाचा बाप.

रात्री घरात कळलं तेव्हा अक्षदा पांढरीफटक पडली.

“आबा, तुमच्या पाया पडते. उत्तर आलं तर वाचू नका.”

“त्यांनी तुला येवढं भ्या घातलंय?”

“त्या लई चांगल्या हायत्या, आबा.”

“चांगल्या!” मल्हारनं पाण्याचा तांब्या भिरकावला. “बाप जिता हाय अजून तुजा. भ्यायचं न्हाय कुनाला!”

अक्षदा तोंडावर ओढणी दाबून आत गेली.

आठव्या दिवशी मॅडमचा निरोप आला. मल्हारनं जाता जाता बलभीमला दंडाला धरून मोटरसायकलवर बसवलं. ज्याच्या तोंडानं म्हटलं, त्याच्याच कानांनी ऐकू दे. तिघं शाळेच्या व्हरांड्यात उभी राहिली. मॅडमनी फोन पुढं केला नाही.

“भाऊ, आधी अक्षदाशी बोला. हे नंतर वाचू.”

“न्हाय. ह्याच्याम्होरंच वाचा. मराठीत वाचा.”

“ऐका माझं.”

“वाचा, मॅडम!”

शिवकांता मॅडमनी एकदा बलभीमकडं बघितलं, मग फोनकडं. मल्हारकडं त्यांना बघवेना. खालच्या आवाजात त्या वाचू लागल्या.

“तुम्ही कोण आहात ते आम्हांला माहीत नाही. अक्षदाचे वडील जानेवारीत वारले. ती बातमी सांगताना ती माझ्या खोलीत कोसळली, आणि दुसऱ्या दिवशी मी स्वतः तिला विमानतळावर सोडून आले. मेलेल्या माणसाच्या नावानं पुन्हा पत्र लिहू नका.”