सात नंबरचं स्टूल

सात नंबरनं आजही बसण्याआधी स्टूलची उंची बदलली. काल दोन बोटं वर, आज चार बोटं खाली. काचेपलीकडे बसलेल्या अनुयानं ते वहीत टिपलं आणि पुढे वेळ लिहिली, तीन वाजून दोन मिनिटं.

चाकणच्या त्या कारखान्यात गाड्यांचे सेन्सर जोडायच्या खोलीत दुसऱ्या शिफ्टला बारा बायका असत. धुळीचा कण चालत नाही, म्हणून डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, हातांत मोजे आणि अंगात पायघोळ निळा कोट. दिसायचे ते नुसते डोळे, तेही भिंगावर वाकलेले. टोपीवर मोठा नंबर. कंत्राटदाराचे सुपरवायझर उद्धवराव टोप्या मोजूनच हजेरी लावायचे.

अनुया औद्योगिक मानसशास्त्रात एम.ए. करत होती. माणूस मन लावून काम करतो ते कशामुळे, हा तिचा विषय. तिचे मार्गदर्शक नंदकिशोर सर नियमांचे पक्के. नाव विचारायचं नाही, गप्पा मारायच्या नाहीत, ओळखीचं हसायचंही नाही, असं त्यांनी बजावलं होतं. आपल्याकडे कुणी बघतंय म्हटलं की माणसाचा हात बदलतो, तेव्हा आपण तिथे नाहीच असं बसायचं. अनुयानं महिनाभर हे व्रतासारखं पाळलं.

नुसत्या प्रबंधाचा प्रश्न असता तर ठीक होतं. पण पहिल्याच दिवशी मॅनेजरनं सगळ्यांसमोर जाहीर केलं की या बारांतली एक कायम होणार, आणि कोण ते अनुयाच्या नोंदींवरून ठरणार. त्या दिवशी एक नंबरच्या कौशल्याबाई, बायकांतल्या वयानं मोठ्या, संमतीचे बारा कागद सह्या करून एकगठ्ठा घेऊन आल्या. जाताना दारात थांबल्या.

"चार दिस खाडा झाला की कंत्राटदार टोपी दुसरीच्या डोक्यावर घालतो, ताई," त्या म्हणाल्या. "कायम झालं की तसं न्हाई. नीट बघा."

अनुयानं नीट बघितलं. आणि पहिल्याच आठवड्यात तिची नजर सात नंबरवर खिळली.

दोनशे चाळीस. रोज दोनशे चाळीस नग, एक कमी नाही की जास्त नाही, आणि एकही खराब नाही. बाकीच्यांचे आकडे माणसांसारखे वरखाली व्हायचे. सोमवारी बायका ढेपाळायच्या, पगाराच्या दिवशी उडायच्या. सात नंबरला सोमवार नव्हताच.

त्याहून नवलाची होती तिची तऱ्हा. एक दिवस चिमटा उजव्या हातात, दुसऱ्या दिवशी डाव्या, आणि सफाई तीच. कधी ती पायानं ठेका धरी, कधी मूर्तीसारखी बसे. पुस्तकातलं सगळं अनुयाला पाठ होतं, पण असं काही कुठल्या पुस्तकात नव्हतं. थकवा एका हातात साचू द्यायचा नाही, अंगाला रोज नवी बैठक द्यायची, हे त्या बाईनं आपलं आपण शोधून काढलं होतं. रात्री पिंपळे सौदागरच्या घरी नोंदी उतरवताना अनुयाच्या अंगावर काटा यायचा.

इतर बारीकसारीकही तिनं टिपलं. पहिल्या शिफ्टची बस सुटताना रोज एखादी बाई मागे राहायची, त्या नोंदीसमोर 'ओव्हरटाइम?' असं लिहून तिनं विषय संपवला. तीन नंबरचा हात खरं तर सगळ्यांत चपळ, पण दोनशे तीसच्या पुढे गेला की मंदावायचा. दम टिकत नाही, असा तिनं शेरा मारला.

सात नंबर शिफ्ट सुटली की कधी दिसायची नाही. टोपी उतरली की बारा बायका घोळक्यानं बाहेर पडत आणि कोण कुठला नंबर ते विरून जाई. अनुया तोंड फिरवून घ्यायची. नियम म्हणजे नियम.

महिना सरला. शनिवारी तिनं अहवालात सात नंबर लिहिला आणि मॅनेजरच्या हातात दिला. तिच्या मनात तीळभरही शंका नव्हती. रजिस्टरमध्ये नाव होतं दिपाली. निरीक्षण संपलं, बोलायची बंदीही संपली. आता एकच ओढ होती, त्या हातांच्या मालकिणीला एकदा भेटायचं आणि विचारायचं, बाई गं, तुला हे शिकवलं कुणी?

कौशल्याबाईंनी खूप आढेवेढे घेतले. मग अहवाल दिला का, पक्का दिला का, असं दोनदा विचारून घेतलं आणि रविवारी दुपारी तिला दापोडीला घेऊन गेल्या.

रेल्वेलगतच्या बोळात एक खोली. आत शेगडीवर ओव्याचा धूर, आणि दोरीवर पाचसहा लंगोट वाळत घातलेले. कॉटवर कानाला रुमाल बांधलेली एक फिकुटलेली मुलगी बसली होती. मांडीवर बाळ झोपलेलं. तिनं उठायची धडपड केली, पण कौशल्याबाईंनी खांदा दाबून तिला खाली बसवलं.

"बस. उद्या सव्वा महिना भरतोय, मग फीर कुठं फिरायचं ते. आमी हिला उंबऱ्याभाईर पाऊल टाकू दिलं न्हाई बघा, ताई."

अनुया बाळाकडे बघत राहिली. तिची वही महिन्याची होती. बाळ त्या वहीपेक्षा मोठं होतं.

दिपालीनं पदराची कड डोळ्यांना लावली आणि हळूच विचारलं, "रोज सात नंबरवर कोण बसायचं, ते ह्या मला सांगतच नाहीत. तुम्ही तर महिनाभर तिथंच होता ना, ताई?"