टाकून पळायचं

जंगलाच्या वरच्या अंगाला वणवा आठवडाभर धुमसत होता, तरी लेकीने चार दिवसांच्या भटकंतीचा हट्ट काही सोडला नव्हता. वणवा विझवण्याच्या पथकात उभी हयात घालवलेल्या बापाने शेवटी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला आणि पथकात आगीत शिरण्याआधी घ्यायचे तशी तिची तोंडी परीक्षा सुरू केली.

"वारा फिरला, आग मागे लागली. तंबू?"

"टाकायचा."

"सॅक?"

"टाकायची."

"कॅमेरा?"

"तोही टाकायचा, बाबा! आणि आधीच जळून गेलेल्या पट्ट्यात पळायचं. तोंडपाठ झालंय मला."

त्याने शेजारी पाण्याच्या बाटल्या भरणाऱ्या तिच्या मैत्रिणीकडे पाहिलं. "आणि हिचा पाय मोडला तर?"

उत्तर मैत्रिणीनेच दिलं. ती त्याच्या जुन्या जोडीदाराची मुलगी. तिचा बाप असाच पाय मोडून वणव्यात राहिला होता.

"तर हिनं पळायचं, काका. मीच सांगेन तिला, तू जा म्हणून. माझ्या बाबांनी तुम्हाला सांगितलं होतं ना, तसंच."

बारा वर्षांपूर्वी ही गोष्ट त्यानेच तिला सांगितली होती.

त्याने घाईघाईने नकाशाची घडी घातली. "कुणीही जायचं नाही," तो कसाबसा म्हणाला. धुरातून मागून आलेली ती हाक त्याला आज पुन्हा लख्ख ऐकू आली होती: "थांब रे! मला टाकून जाऊ नकोस!"