शर्टाचं शेपूट

कात्री लायलच्याच हातात होती.

"हलू नका बाबा, नाहीतर शर्टाबरोबर आणखी काहीतरी जाईल," तो म्हणाला आणि खोपीतली मंडळी खो खो हसली. त्याचे बाबा, म्हातारे एमिल झास्ट्रो, भिंतीकडे तोंड करून निमूट उभे होते. हरणावरचा नेम चुकला की शिकाऱ्याच्या शर्टाचं मागचं शेपूट कापायचं आणि त्यावर नाव लिहून भिंतीला ठोकायचं, हा विस्कॉन्सिनच्या रानातल्या त्या खोपीचा जुना रिवाज. भिंतीवर सगळ्यांची शेपटं होती. व्हर्नकाकांची तर इतकी, की त्यांची गोधडी झाली असती. नव्हतं ते फक्त बाबांचं.

लायलने चौकड्यांच्या लोकरी कापडात कात्री चालवली आणि तुकडा झेंड्यासारखा नाचवला.

"दादा, डोळे गेले रे तुझे," व्हर्नकाका ब्रँडीचा घोट घेत म्हणाले. "साठ पावलांवर एवढा थोरला नर, आणि चुकलास? पुढच्या वर्षी तू आपला चुलीपाशी बस. रस्सा तरी झकास करतोस."

"बसेन की," बाबा म्हणाले. त्यांनी बंदूक पुसून खुंटीला टांगली आणि कांदे चिरायला घेतले. लायलला क्षणभर वाईट वाटलं. पण म्हातारपण कुणाला चुकलंय, असं मनाशी म्हणत त्याने पत्ते पिसले.

सकाळी तो उठला तेव्हा बाबा अंथरुणात नव्हते. पाय मोकळे करून येतो म्हणाले, असं काकांनी सांगितलं. खुंटीवर बंदूकही नव्हती. म्हाताऱ्याची सवय काही सुटत नाही, लायल मनात म्हणाला आणि आपल्या वाटेने, विरघळत्या बर्फातून, दलदलीकडे निघाला.

झाडीत त्याला तो नर दिसला. खाली बसलेला, मान टाकलेली. चाहूल लागताच तो तीन पायांवर उठू पाहत होता आणि पुन्हा पुन्हा कोसळत होता. लायलने एका गोळीत त्याला त्या हालांतून सोडवलं.

मग त्याने हरीण उलटवलं. डाव्या खांद्यावर बशीएवढी जखम होती. रक्त गोठून काळं पडलेलं. त्याने बोट घातलं, तर जखम वरवरचीच निघाली. हाड नुसतं तडकलं होतं आणि त्यावर शिशाचा आणि तांब्याचा चुरा खडीसारखा पसरला होता. आत, काळजापर्यंत, काहीच पोचलं नव्हतं.

बाबांचा नेम चुकला नव्हता. बोटभरसुद्धा नाही.

बाबांच्या बंदुकीतली काडतुसं लायलने घरी भरली होती, वाढदिवसाची भेट म्हणून. बाबांच्या नेहमीच्या गोळ्या जड, जाड तांब्याच्या कवचाच्या. सरावाच्या कागदी निशाणावर त्या जरा विखुरत. लायलने त्याऐवजी नेमबाजीच्या, हलक्या, पातळ कवचाच्या गोळ्या बसवल्या. कागदावर त्यांची पाची भोकं एका नाण्याखाली झाकली जात. "कागदाला हाडं नसतात, लायल," बाबा मागे एकदा त्याला म्हणाले होते. म्हणून त्याने या खेपेला सांगितलंच नाही. बाबांनीही काडतुसांचा डबा उघडून पाहिला नाही. "तू भरलीस ना? मग झालं," एवढंच म्हणाले. आणि ती गोळी हाडावर अंड्यासारखी फुटली होती.

आसपास कुणी नव्हतं. तेवढा खांदा कापून कावळ्यांना टाकला असता, तर नर लायलचा झाला असता आणि बाबा चुलीपाशी बसले असते. त्याने सुरी बाहेर काढलीदेखील. मग काल कात्री धरलेला तोच हात त्याला दिसला, आणि त्याला स्वतःची अशी लाज वाटली की त्या रिकाम्या रानातही तोंड लपवावंसं वाटलं.

त्याने नर तसाच ओढत आणला.

"वा रे पठ्ठ्या!" काका ओरडत बाहेर आले.

"माझा नाही. बाबांचा आहे," लायल म्हणाला. "कालची गोळी बरोब्बर खांद्यावर बसली होती, काका. पण फुटली. कागदावरची गोळी होती. मी भरली होती. बाबांना न सांगता."

बाबा पायरीवर बसून बूट काढत होते. बूट गुडघ्यापर्यंत दलदलीच्या चिखलाने माखले होते. लायलने आतून कात्री आणली, कोट काढला, शर्ट ओढून बाहेर काढला आणि त्यांच्याकडे पाठ केली.

"कापा, बाबा."

बाबांनी कात्री घेतली नाही. ते हरणापाशी गेले, टोपी काढली आणि त्याच्या मानेवर तळवा ठेवून बसले.

"रात्रभर हाल झाले रे याचे," ते म्हणाले. "अंधार पडेपर्यंत मी शोधलं. आज उजाडायच्या आधीपासून पुन्हा. काल तोंड उघडलं असतं, तर सगळे मिळून शोधायला गेलो असतो. ते माझं चुकलंच."

लायल वळला. "म्हणजे... तुम्हाला ठाऊक होतं?"

बाबांनी शर्टाच्या खिशातून काहीतरी काढून त्याच्या तळहातावर ठेवलं. तांब्याचा नखाएवढा, कागदासारखा पातळ तुकडा. त्याला हरणाचे दोन-चार केस चिकटले होते.

"बर्फात सापडला. काल दुपारीच, रक्ताशेजारी."

लायलने मान वर केली. बाबांच्या अंगावर शर्ट कालचाच होता, शेपूट कापलेला.