आडवाटेची रक्तवाहिनी

काकू वारल्यापासून त्यांचा लाडका कुत्रा खाणं झालं की भिंतीला डोकं टेकून उभा राहायचा. हाक मारली तरी वळायचा नाही. "तिच्यासाठी झुरतोय बिचारा," असं येणारेजाणारे म्हणायचे आणि काकांनाही ते पटलं होतं. मग तेही ताट बाजूला सारून त्याच्याजवळ जमिनीवर बसायचे. दुःख एकच, त्यात बोलायचं काय.

पण कुत्र्याची पार हाडं दिसायला लागली, तेव्हा लेकीने फोनवरून तगादा लावला आणि काकांनी त्याला सीटी स्कॅनला आणलं. स्कॅन झाला. भुलीच्या गुंगीत कुत्रा त्यांच्या मांडीवर पडून होता. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं.

"ही रक्तवाहिनी जन्मापासूनच जादा आहे. आतड्यातलं रक्त यकृतात न जाता या आडवाटेने परस्पर पुढे जातं. ते शुद्ध न झालेलं रक्त मेंदूपर्यंत पोचतं, म्हणून खाल्ल्यावर त्याला काही सुधरत नाही. वयाबरोबर त्रास वाढला, इतकंच. ऑपरेशनने बहुतेक बरा होईल."

"म्हणजे तो झुरत नव्हता?"

"नाही हो काका. उलट चांगलीच बातमी आहे ही."

"चांगलीच आहे," काका म्हणाले आणि कुत्र्याच्या कानामागे हळूच खाजवत राहिले. "करून टाका ऑपरेशन."

डॉक्टरीणबाई उठल्या, तरी ते पडद्याकडेच बघत होते.

"मला आपलं वाटत होतं, तिच्यासाठी रडणारे घरात आम्ही दोघं आहोत."