चणकाची खवलं

दोन्ही घरांचं सांडपाणी माझ्या मागच्या दारातल्या जाळीतून जातं, त्यामुळे धाकट्या जावेकडे, गौरवीकडे, काय शिजलं ते मला रोज कळतं. खाण बंद पडून वर्ष झालं, दीर घरी बसलेला, तरी जाळीत चणकाची रुपयाएवढी चकचकीत खवलं! एवढा महाग मासा, आणि तोही रोज! आमच्या ह्यांना सरकारी पगार, तरी आमच्या ताटात आपले स्वस्तातले तारले. खवलं दिसली की माझा दिवसभर जळफळाट.

परवा शेवटी गौरवीची नळी तुंबली. कोल्हापूरकडचा गणपत प्लंबर आला.

"खा म्हणावं अजून चणाक!" तिच्या खिडकीला ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले.

गणपतनं नळीच्या वळणावरचा एल्बो खोलला. मूठभर खवलं निघाली. त्यानं नळीत आतून बोट फिरवलं आणि माझ्यापुढे धरलं.

"वहिनी, मासे शिजणाऱ्या घरची नळी तेलानं बुळबुळीत असते. हिच्यात तेलाचा थेंब नाही. काटा नाही, वाटलेलं खोबरं नाही. ही खवलं कुणीतरी मासळी बाजारातनं आणून टाकल्यात बघा."

मी वर पाहिलं. खिडकीत गौरवी गज धरून उभी होती.

"तुम्हा घाटावरच्यांना काय कळतं रे माशांतलं?" मी गणपतवर खेकसले. "आमच्या गौरवीकडे रोज चणाकच असतो!"