भुंग्याचा डोळा

"घाण्याच्या बैलाले बांधतेत तशी झापडं कायले आनली वं माह्यासाठी?" ओसरीवर भिंतीला टेकून बसलेल्या कस्तुराबाईनं विचारलं.

नातीनं, मंजुषानं, ती काळी पेटी आजीच्या डोळ्यांवर बसवली आणि पट्टा अंबाड्यामागून ओढून घट्ट केला. "झापडं नाही, आजी. चष्मा समज."

"चष्मा तुह्या मायले दे. डाळीतला खडा तिले दिसत नाही, मले दिसते!"

हे बोलणं मधल्या खोलीतून पार स्वयंपाकघरात जावं अशाच आवाजात होतं. सकाळी मानोऱ्याचे माणिकराव व्याही न सांगता येऊन टपकले, जेवायला बसले, आणि तिसऱ्याच घासाला त्यांच्या दाताखाली करकन खडा आला. कस्तुराबाईनं भर पंक्तीत सुनेला, वर्षाराणीला, झाडलं. चाळीस वर्षं या घरची तुरीची डाळ कस्तुराबाई निवडते, दुसऱ्या कुणाला सुपाला हात लावू देत नाही. मग खडा आला तो सुनेनं धुतानाच कालवला असणार, दुसरा येतो कुठून? वर्षाराणी मान खाली घालून वाढत राहिली होती.

मंजुषानं तळहातावरचा ड्रोन ओसरीच्या कडेला ठेवला. चिमणीएवढा जीव, चार इवलेसे पंखे, आणि तोंडाशी मसुराच्या दाण्याएवढा कॅमेरा. ती आठ दिवसांपासून उडवायला शिकत होती. तेवढ्या दिवसांत त्यानं एकदा दुधाच्या पातेल्यात बुडी मारली होती आणि एकदा आजीच्या अंबाड्यात घुसला होता. आजी त्याला भुंगा म्हणायची.

"याले जे दिसते ते तुले दिसन. तू इथंच बस, उडते तो." मंजुषानं पेटीच्या बाजूची, नंबर जुळवायची चकती हळूहळू फिरवली. "आता साफ दिसून राह्यलं?"

कस्तुराबाईचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं.

मंजुषानं रिमोट हातात घेतला, आणि भुंगा गुणगुणत वर चढला. लिंबाच्या पानावरच्या शिरा दिसल्या. दोरीवरच्या लुगड्याचं रफू दिसलं, टाका न् टाका. कोंबडीच्या पायाला बांधलेला लाल दोरा दिसला. दोन वर्षं हे सगळं तिच्यासाठी धुक्यात होतं, आणि तिनं त्याचा कुणाला वास लागू दिला नव्हता. डाळसुद्धा ती बोटांनी चाचपून निवडत होती. बोटं शहाणी आहेत आपली, असं ती स्वतःलाच सांगायची.

भुंगा वळला. समोर भिंतीला टेकून एक वाळकी म्हातारी बसली होती.

"हे कोण बसली वं आपल्या ओसरीत?"

"तूच आहे आजी!"

"चूप बैस. मी अशी दिसतो काय?"

मंजुषा हसली, आणि तिथंच चुकली. भुंग्याचं तोंड आपल्याकडं असलं की डावं-उजवं उलटं होतं, हे हसण्याच्या नादात ती विसरली. डावीकडं न्यायला गेली आणि भुंगा उजवीकडं सुसाटला, दारातून आत, मधली खोली ओलांडून पार स्वयंपाकघरात. पिठाच्या कोठीवर टण्‌कन आदळला आणि खाली पडला. गुणगुण थांबली. डोळा मात्र चालूच होता.

"आजी, मले तं इथून काहीच दिसत नाही. कुठी पडला तो?"



पेटीत जमीन दिसत होती. जमिनीवर सूप. सुपाशेजारी तिचाच डबा, काल डाळ निवडून, वर फडक्याची गाठ मारून तिनं सुनेच्या हाती दिलेला. गाठ सुटलेली होती. हिरव्या बांगड्यांचा हात सुपात फिरत होता, भराभर, रोजची सवय असावी तसा. अन् बाजूला कागदावर खडे. मातीची ढेकळं, एक मेलेला किडा, आणि खडे. पेटीत ते धोंड्यांएवढे दिसत होते. मूठभर होते.

तिनं निवडलेल्या डाळीतले.

कस्तुराबाईच्या अंगावर जसा कुणी गार पाण्याचा हंडा उपडा केला. सकाळी पाहुणे अवचित आले. त्या घाईत तेवढी ही डाळ गुपचूप दुसऱ्यांदा निवडायला सुनेला वेळ मिळाला नव्हता.

वर्षाराणीला पडलेला भुंगा दिसला. ती दचकली, तळहातानं कागद झाकला. मग वाकून तिनं त्याला उचललं, आणि तिचा चेहरा अख्ख्या पेटीत भरला. पापण्या सुजलेल्या होत्या. पेटी लेकीच्याच डोळ्यांवर असणार, असं तिनं गृहीत धरलं. ती थेट भुंग्याच्या डोळ्यात बघून जरा हसली, हनुवटीनं ओसरीकडं खूण केली, आणि ओठांवर बोट ठेवलं.

सांगू नको तिले.

"आजी, सांग ना! काय दिसून राह्यलं?"

कस्तुराबाईनं दोन्ही हातांनी पेटी घट्ट धरली. काढली नाही. घसा खाकरला, आणि पार स्वयंपाकघरात जावं अशाच आवाजात ती म्हणाली,

"मले दिसत नाही, पोरी. दोन वर्षं झाले, मले काहीच दिसत नाही."

पेटीत ओठांवरचं बोट तसंच राहिलं.